अंटार्क्टिकाच्या नकाशावरची नावं मराठीत कशी लिहावीत

अंटार्क्टिकाबद्दल मराठीत लिहायला बसलात की तासाभरात नावांशी गाठ पडते. त्यावर मिळणारा सल्ला ठरलेला: ‘स्पेलिंग वाचा, देवनागरीत उतरवा, झालं.’ असं सांगणाऱ्याने आयुष्यात एकही नकाशा पुरा केलेला नसतो.

१. नाव मूळ स्पेलिंगसकट टिपून घ्या आणि शेजारी अक्षांश-रेखांश लिहा. ते नसतील तर पुढे जाऊच नका.

२. ‘स्कार’ ही अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती. तिची नामसूची इंटरनेटवर फुकट बघता येते. तिथे नाव शोधा. ही सूची कुठलंही नाव मंजूर करत नाही, देशांनी दिलेली नावं फक्त एकत्र मांडते. अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे, बल्गेरिया असे देश आपापल्या समित्यांमार्फत बारशी करतात, म्हणून एकाच डोंगराला तीन-तीन नावं निघतात. अशा नावांना सूचीत एकच सामाईक क्रमांक असतो. तो टिपा.

३. आता नाव फोडा. सगळी रडकथा इथेच आहे.

नावाचे दोन तुकडे असतात. पुढचा कुणाचा किंवा कशाचा ते सांगतो, मागचा भूरूप सांगतो. मागचा मराठीत आणायचा, पुढचा तसाच ठेवायचा. नियम एका ओळीचा, पण मी त्यावर सपशेल आपटलोय. मुलांच्या एका अंकासाठी मी बेधडक ‘पाइन बेटावरची हिमनदी’ लिहून दिलं. चित्रकाराने मजकुरावर विश्वास ठेवून बेट काढलं, वर पाइनची चार हिरवीगार झाडंही काढली. अंक छापून आल्यावर एका वाचकाने पोस्टकार्डावर एवढंच विचारलं, ‘अंटार्क्टिकात झाडं कधी उगवली?’ पाइन आयलंड हे अमेरिकी नौदलाच्या जहाजाचं नाव. १९४६-४७ च्या ‘ऑपरेशन हायजंप’ मोहिमेत ते होतं. त्याच्यावरून आधी उपसागराला नाव पडलं आणि मग हिमनदीला. तिथे ना पाइन, ना बेट. ‘पाइन आयलंड हिमनदी’ एवढंच लिहायचं होतं.

तेव्हापासून नावाचं मूळ कळल्याशिवाय मी पुढच्या तुकड्याला हात लावत नाही. एरेबस आणि टेरर ही ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स रॉसची जहाजं, १८४१ मध्ये त्याने ती नावं दोन पर्वतांना दिली. हे माहीत असलं की ‘दहशत पर्वत’ लिहायची दुर्बुद्धी होत नाही. बिअर्डमोर हिमनदीतला बिअर्डमोर हा ध्रुवीय शोधप्रवासी शॅकल्टनच्या मोहिमेला पैसा पुरवणारा ग्लासगोचा उद्योगपती. लॅम्बर्ट हा ऑस्ट्रेलियाच्या नकाशा खात्याचा प्रमुख. पण लॅम्बर्ट हिमनदीचं आधीचं अमेरिकी नाव ‘बेकर थ्री’ होतं आणि हा बेकर म्हणजे माणूस नव्हे, हवाई छायाचित्रं घेणाऱ्या विमानाचं आणि त्याच्या चमूचं सांकेतिक नाव. जुना नकाशा हाताशी असेल तर तिथे ‘बेकर’ नावाच्या संशोधकाचं चरित्र शोधत बसू नका.

मागचा तुकडाही सरळ नसतो. ग्लेशियर म्हणजे हिमनदी, ठीक. पण आइस स्ट्रीमलाही हिमनदी म्हणालात तर चुकलात. आइस स्ट्रीम म्हणजे बर्फाच्या चादरीतूनच वेगाने सरकणारा पट्टा; त्याच्या दोन्ही काठांना बहुधा खडक नसतो, संथ सरकणारा बर्फच असतो. मी ‘हिमप्रवाह’ लिहितो. आइस शेल्फ समुद्रावर तरंगतो, त्याला ओढूनताणून मराठी शब्द घडवू नका, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगून टाका. बर्फातून डोकं वर काढलेला खडक म्हणजे नुनाटाक. मुद्रितशोधक त्याचं ‘नाटक’ करतो, तेवढं सांभाळा.

सगळ्यात फसवा शब्द ओॲसिस. भारताचं मैत्री स्थानक शिर्माखर ओॲसिसवर आहे. शिर्माखर हा १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतला वैमानिक. इथे ‘हिरवळ’ किंवा ‘मरूद्यान’ लिहिलंत की वाचकाला खजुराची झाडं दिसू लागतात. प्रत्यक्षात तिथे बर्फ नसलेला उघडा खडक आणि तळी आहेत. ‘बर्फमुक्त खडकाळ पट्टा’ म्हणा आणि सुटा.

त्याच भागात नॉर्वेजियन नावं भेटतील, त्यांत भूरूप शेपटीला चिकटलेलं असतं. ‘ब्रेएन’ म्हणजे हिमनदी, ‘फ्येला’ म्हणजे डोंगर, ‘ईसेन’ म्हणजे बर्फ. ब्रेएनपुढे पुन्हा हिमनदी लावणं म्हणजे पिवळं पीतांबर. तरी लेखात पहिल्या उल्लेखाला मी ते लावतो, कारण वाचकाला नॉर्वेजियन येत नाही. नकाशावर मात्र मुळीच नाही.

४. दोन-तीन नावं असतील तर एक निवडा, दुसरं एकदाच सांगा. अंटार्क्टिक द्वीपकल्प अर्जेंटिनाला सान मार्टिनची भूमी वाटतो, चिलीला ओ’हिगिन्सची. ब्रिटन त्याला ग्रॅहम लँड म्हणायचं आणि अमेरिका पामर. १९६४ मध्ये या दोघांनी तडजोड केली: सगळा तो अंटार्क्टिक द्वीपकल्प, उत्तरेकडचा भाग ग्रॅहम लँड, दक्षिणेकडचा पामर लँड. तीच वापरा. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार तिथल्या जमिनीवरचे देशांचे दावे गोठवलेले आहेत, तुम्ही नावातून ते वितळवू नका.

५. उच्चार मूळ भाषेतला घ्या. नॉर्वेजियन ‘जे’ म्हणजे य. आणि आपलं नाव इंग्रजीतून परत आणू नका: मैत्रीजवळची हिमनदी ‘दक्षिण गंगोत्री’ आहे, ‘डाक्शिन’ नव्हे.

६. तारीख बघा. नावं बदलतात. सायपल किनाऱ्यावरचे हिमप्रवाह आधी नुसते ए, बी, सी होते, आता बी म्हणजे व्हिलन्स आणि सी म्हणजे कॅम्ब. माउंट व्हिन्सन आणि व्हिन्सन मॅसिफ ही २००६ पासून अमेरिकेच्या यादीत दोन वेगळी नावं आहेत. ४,८९२ मीटर ही उंची शिखराची. मॅसिफ म्हणजे ते शिखर जिच्यावर आहे ती अख्खी डोंगरगर्दी, तिच्यापुढे हा आकडा लावलात तर पुढचं पोस्टकार्ड तुम्हाला येईल.