ऑब्जेक्ट सीरियलाइझ करताना क्लास नको, डेटा साठवा

लायब्ररीतला ऑब्जेक्ट सीरियलाइझ करायचा, म्हणजे फाइलमध्ये ठेवता येईल अशा रूपात आणायचा म्हटलं की पहिला मोह होतो तो भाषेतल्या तयार सोयीचा. पायथॉनमध्ये पिकल, जावामध्ये सीरियलायझेबल. एका ओळीत काम होतं, हे खरं. पण कायमच्या साठवणीसाठी हा मार्ग घेऊ नका. पिकलची फाइल नुसती लोड करतानाही तिच्यात दडवलेला कोड चालू शकतो, म्हणून परक्याकडून आलेली फाइल कधीच उघडू नये. जावामध्ये सीरियल व्हर्जन यूआयडी (क्लासची आवृत्ती ओळखणारा आकडा) स्वतः लिहिला नाही, तर तो क्लासच्या रचनेवरून काढला जातो. मग एखादी पब्लिक मेथड वाढवली तरी जुन्या फाइलवर इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन येतं. बिचाऱ्या वापरणाऱ्याला कारणच कळत नाही.

त्यापेक्षा क्लासला दोन मेथड द्या. एक ऑब्जेक्टमधून साधी डिक्शनरी, म्हणजे नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या, काढणारी, दुसरी त्या डिक्शनरीतल्या व्हॅल्यू तपासून ऑब्जेक्ट उभा करणारी. पुढे फाइलसाठी जेसन हा मजकुरी फॉरमॅट घ्यायचा की मेसेजपॅक हा बायनरी, ते वापरणारा ठरवेल. डिक्शनरीत 'व्हर्जन: १' ही नोंद पहिल्या रिलीजपासूनच हवी, नंतर घातली तर आधीच्या फाइली ओळखायला अंदाज बांधत बसावं लागतं.

जेसनमध्ये तारखेचा प्रकारच नाही, तेव्हा ती आयएसओ ८६०१ स्वरूपात (वर्ष-महिना-दिवस या क्रमाने) लिहा. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून ठेवा: जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे आकडे नंबर म्हणून वाचले तर अचूक राहतीलच असं नाही. प्रोटोबफ (फील्ड नंबरांनी ओळखणारा बायनरी फॉरमॅट) घेतलंत, तर काढून टाकलेल्या फील्डचा नंबर रिझर्व्ह्ड करा, दुसऱ्या फील्डला देऊ नका.