सौम्य लाताकिया मिश्रण: चाखावं कसं, जोखावं कसं

लाताकिया म्हणजे पाइपच्या तंबाखूतलं धुरी दिलेलं काळं पान. त्याने भरलेलं मिश्रण ओळखायला फार तयारी लागत नाही. डबा उघडताच धुराचा वास नाकात जातो आणि पुढे तासभर दुसरं काही जाणवत नाही. कस लागतो तो सौम्य मिश्रणात. तिथे लाताकिया साधारण दहा-पंधरा टक्के असतो, कधी त्याहूनही कमी. पाइपच्या जगात त्याला मसाल्याचं पान म्हणतात आणि सौम्य मिश्रणात तो खरोखर मसाल्यापुरताच असतो. त्यामुळे अशा मिश्रणाला एकच प्रश्न विचारायचा: लाताकियामुळे बाकीच्या पानांचं भलं झालं की नाही?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी तो निरुपद्रवी होत नाही. ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शोषलं जातं. हा लेख आधीपासून पाइप ओढणाऱ्या सज्ञान माणसांसाठी आहे. जे ओढत नाहीत त्यांनी यासाठी सुरुवात करू नये. वासाच्या भागासाठी तर काडी पेटवावीही लागत नाही.

पानाची ओळख

लाताकिया हे सीरियाच्या किनाऱ्यावरच्या बंदराचं नाव. पान असतं ओरिएंटल जातीचं, म्हणजे पूर्व भूमध्य भागात पिकणारं लहान, सुगंधी पान. ते आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून सुगंधी लाकडांची मंद धुरी देतात. सायप्रसमध्ये धुरीला मॅस्टिकची झुडपं, मर्टल, पाइन अशी झाडं वापरली जातात. सीरियातला लाताकिया 'शेक-एल-बिंत' नावाच्या पानापासून होत असे. आज मिश्रणात सापडतो तो जवळपास सगळा सायप्रस पद्धतीचा. चामडं, विझत आलेली शेकोटी आणि मागे हलका गोडवा ही त्याची खूण. सीरियाचा जास्त कोरडा आणि तीक्ष्ण, थोडा वाइनकडे झुकणारा. जुना डबा हाती लागला तरच तो भेटतो.

लाताकिया काळाकुट्ट दिसतो म्हणून तो कडक असणार असा समज आहे. प्रत्यक्षात त्यात निकोटीन बेताचं असतं, साखर फार कमी असते आणि तो हळू, थंड जळतो. मिश्रण डोक्यात चढलं तर दोष बहुधा बर्ली किंवा गडद व्हर्जिनिया या मिश्रणातल्या इतर तंबाखूंचा असतो. म्हणून चाखताना तीन गोष्टी वेगळ्या मोजायच्या: निकोटीनचा जोर, धुराचा भरीवपणा आणि चवीची तीव्रता. डब्यावर 'सौम्य' लिहिलेलं असतं तेव्हा यातलं नेमकं काय सौम्य आहे ते सहसा कुणी सांगत नाही, ते आपणच शोधायचं.

पाइप कोणता घ्यावा

लाताकियाचा वास लाकडात मुरतो. ज्या ब्रायरच्या, म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या लाकडाच्या पाइपमध्ये आधी कडक लाताकिया ओढला गेला आहे, त्यात सौम्य मिश्रण भरलं तर धुरकट चव मिश्रणाची की पाइपची हे कळणारच नाही. व्हॅनिला किंवा चेरी लावलेली तंबाखू जळालेल्या पाइपमध्ये उलटं होतं: हलका लाताकिया त्या गोडव्याखाली दबून जातो. पहिल्या चाचणीला मातीचा, मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचा किंवा मक्याच्या कणसाचा पाइप बरा. कणसाचा स्वस्त असतो आणि या कामासाठी एक वेगळा ठेवता येतो. नवा असेल तर पहिल्या एक-दोन वेळा कणसाचीच चव येते, तेवढी जाऊ द्यावी. वाटी, म्हणजे पाइपचा तंबाखू भरायचा भाग, मध्यम आकाराची असावी. फार लहान वाटीत चव बदलायला वेळच मिळत नाही.

डबा उघडल्यावर

लगेच हुंगा, पण त्यावर मत बनवू नका. बंद डब्यातल्या व्हर्जिनियाला आंबवणीचा, व्हिनेगरसारखा वास असतो आणि पहिल्या मिनिटाला तोच सगळ्यांवर चढतो. झाकण काढून डबा थोडा वेळ ठेवा, मग पुन्हा हुंगा. आता धूर, सुका मेवा, गवत, ओरिएंटलची आंबटसर धूपासारखी छटा असं एकेक सुटं होत जातं.

मग पांढऱ्या कागदावर चिमूटभर तंबाखू पसरा. काळे धागे किती त्यावरून लाताकिया मोजण्याचा मोह होतो, पण त्यात फसगत आहे. ब्लॅक कॅव्हेंडिशही तितकंच काळं असतं. ते वाफ आणि दाब देऊन काळं केलेलं पान, त्याला धुरी दिलेली नसते. दोन-चार काळे धागे चिमट्याने वेगळे करून हुंगा. लाताकिया असेल तर एकट्या धाग्यालाही धुराचा वास येतो. कॅव्हेंडिश गोडसर लागतं किंवा जवळपास मुकं राहतं. मला ही चाचणी डब्यावरच्या वर्णनापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

डबा भरल्याची तारीख असली तर टिपून ठेवा. वर्षं जातात तसा लाताकियाचा धुरकटपणा निवळतो आणि व्हर्जिनिया खोल, गोड होत जातो. आठ-दहा वर्षं जुन्या डब्यातलं मिश्रण सौम्य लागलं तर ते करणाऱ्याने सौम्य केलं होतं की काळाने, हे तारखेशिवाय ठरवता येत नाही.

ओल

सौम्य मिश्रणं जिथे वाया जातात ती जागा हीच. ओली तंबाखू पेटली की धुराबरोबर वाफ येते. वाफेने जीभ भाजते आणि नाजूक चवी धुऊन जातात. कडक मिश्रण यातून निभावतं, सौम्य निभावत नाही.

चिमूट घेऊन दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. हळूहळू उलगडला तर ठीक. कुरकुरून चुरा झाला तर ती फार वाळली. डब्यातून काढलेली तंबाखू बहुतेक वेळा थोडी ओलीच असते, तेव्हा कागदावर पसरून वीस-तीस मिनिटं ठेवा आणि पुन्हा पाहा. हवा दमट असेल तर जास्त वेळ लागेल. पट्टीच्या रूपात दाबलेली तंबाखू आधी बोटांनी सुटी करून मगच वाळवावी. फार वाळवण्यातही तोटा आहे: ओरिएंटलचा सुगंध उडतो, आग भडकते आणि उरतो नुसता तिखट धूर.

भरणं आणि पेटवणं

तीन चिमटी. पहिली सैल पडू द्या, दुसरी हलकी दाबा, तिसरी थोडी घट्ट. न पेटवता एक झुरका ओढून पाहा. स्ट्रॉमधून पाणी ओढताना लागतो तेवढाच अडसर जाणवला पाहिजे. घट्ट भरलेला पाइप सारखा विझतो, मग माणूस जोरात ओढतो आणि दोष मिश्रणाला देतो.

काडी वापरत असाल तर गंधक जळून जाऊ द्या, मग ज्योत वाटीवर न्या. गॅसचा लायटर चालतो. पेट्रोलचा या कामाला नकोच, त्याचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो. पहिल्या पेटवणीत तंबाखू फुगून वर येते. ती टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने, अलगद बसवा आणि पुन्हा पेटवा. इथपर्यंतचे झुरके चवीच्या हिशेबात धरू नका.

चव कुठे शोधायची

हळू ओढा. झुरका म्हणजे गरम चहाचा घोट, तोही घाई नसलेल्या माणसाचा. मधे पाइप विझला तर बिघडत नाही. वाटी हाताला गरम लागली तर खाली ठेवून द्या. सतत गरम राहणाऱ्या पाइपमध्ये सगळी मिश्रणं सारखीच लागतात: कडू.

धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात क्षणभर फिरवून त्यातला थोडा नाकावाटे सोडायचा. सौम्य मिश्रण नीट चाखायचं तर हे जमायलाच हवं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. चामडं, धूप, लाकूड, मनुका हे सगळं नाकाचं काम आहे. सुरुवातीला नाक झोंबेल, म्हणून अगदी कमी धूर सोडा आणि दर झुरक्याला सोडू नका. सौम्य मिश्रणातला लाताकिया जिभेवर बऱ्याचदा सापडतच नाही. तो नाकातून जाताना, शेवटी, एका पातळ रेघेसारखा लागतो.

अडचण अशी की नाक पटकन सरावतं. दहा-पंधरा मिनिटांत धुराची जाणीव मंदावते आणि वाटतं की लाताकिया संपला. तो संपलेला नसतो. पाइप बाजूला ठेवा, मोकळ्या हवेत दोन मिनिटं जाऊन या, घोटभर साधं पाणी प्या आणि मग पुन्हा झुरका घ्या. पहिल्या झुरक्याला धूर परत भेटतो. चाचणीच्या वेळी कॉफी किंवा मद्य सोबत नको, दोन्ही या मिश्रणांवर मात करतात. रिकाम्या पोटीही ओढू नका. मळमळ, उचकी किंवा घाम आला तर तो निकोटीनचा इशारा समजून तिथेच थांबा.

वाटीचे तीन टप्पे

वरचा तिसरा हिस्सा बहुतेक वेळा लाताकियाचा असतो, कारण तेव्हा नाक ताजं असतं. इथे तो किती पुढे येतो आणि किती लवकर बाजूला होतो ते पाहा.

खरा निकाल मधल्या हिस्स्यात लागतो. आता व्हर्जिनियाचा गोडवा वर यायला हवा, ओरिएंटलची आंबटसर धार जाणवायला हवी आणि लाताकियाने त्या दोघांना जोडून धरायला हवं. मधला भाग गुळगुळीत लागतो का? गोडवा नुसता पातळ न राहता त्याला खोली आली का? की दोन वेगवेगळ्या तंबाखू शेजारी-शेजारी जळताहेत, एक धुरकट आणि एक गवताळ? ही शेवटची स्थिती फसलेल्या मिश्रणाची. लाताकिया प्रमाणात असतो, पण कामाला लागलेला नसतो.

खालच्या हिस्स्यात जोर वाढतो, राखेची चव येते. चांगलं मिश्रण इथेही थोडा गोडवा राखून ठेवतं. कडवट झालं तर ओढत बसू नका. वाटी शेवटपर्यंत संपवलीच पाहिजे असा नियम नाही.

राख पांढरी पडली म्हणजे तंबाखू उत्तम, असं काही जण ठामपणे सांगतात. मी त्याला महत्त्व देत नाही.

दोष कोणाचा?

जीभ चरचरली तर आधी ओल आणि गती तपासा. व्हर्जिनिया साखरेचा असतो, जोरात ओढला की जीभ सोलतो. लाताकियावर हा आळ सहसा चुकीचा असतो. चव सपाट वाटली तर तंबाखू जास्त वाळली आहे का, किंवा तुम्हाला सर्दी आहे का हे बघा. सर्दीत केलेली नोंद फाडून टाकावी. ओल बरोबर आहे, गती हळू आहे, पाइप स्वच्छ आहे आणि तरीही तीन-चार वेगवेगळ्या दिवशी तीच उणीव दिसते, तेव्हाच ती मिश्रणाच्या नावावर लिहा.

नोंद आणि तुलना

डब्यावरचं वर्णन नोंद लिहून झाल्यावर वाचा. 'अंजीर' हा शब्द आधी वाचला की प्रत्येक झुरक्यात अंजीर लागतं. दहापैकी गुण देण्यातही मला अर्थ दिसत नाही. तारीख, पाइप, ओल, तिन्ही टप्प्यांवर एकेक वाक्य, आणि शेवटी एका प्रश्नाचं उत्तर लिहा: यातून लाताकिया काढला तर मला तो आठवेल का?

उत्तर सुचत नसेल तर प्रयोग करता येतो. चिमूटभर मिश्रणातून काळे धागे जमतील तेवढे वेचून काढा आणि उरलेली तंबाखू लहान वाटीत ओढून बघा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं. व्हर्जिनिया आणि ओरिएंटल एकटे पडल्यावर किती पातळ किंवा किती धारदार लागतात ते समजलं की लाताकियाचं योगदान आपोआप कळतं.

तुलनेसाठी 'अर्ली मॉर्निंग पाइप' सोयीचं आहे. हे पूर्वी डनहिलच्या नावाने विकलं जाई, आता पीटरसनच्या नावाने मिळतं, आणि सौम्य इंग्लिश (म्हणजे लाताकिया असलेल्या) मिश्रणाचा नमुना म्हणून बहुतेकांना माहीत असतं. त्याच घराण्यातलं 'नाइटकॅप' लाताकियाने भरलेलं, शिवाय पेरिक या आंबवलेल्या, मसालेदार तंबाखूने जोरकस. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी ओढा. एकाच बैठकीत घ्यायचंच असेल तर सौम्य आधी घ्या, नाहीतर त्याच्या वाट्याला काही उरत नाही. इंग्लंडमधल्या केंडालच्या सॅम्युएल गाविथचं 'स्क्वाड्रन लीडर' या दोहोंच्या मधे, सौम्य बाजूला झुकलेलं. त्यात ओरिएंटल कसं बोलतं हे ऐकायला मिळतं.

उरलेली तंबाखू काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर तारीख लिहा आणि अंधारात ठेवा. फ्रीजमध्ये नको. अर्धी बरणी लगेच वापरा, अर्धी वर्षभर उघडू नका. वर्षानंतर पाइप तोच घ्या, ओल तेवढीच ठेवा आणि जुनी नोंद न वाचता नवी लिहा.