चिकन फ्रायचा मसाला करपत होता, तेव्हा

दोन रविवार तेच. चिकन बाहेरून काळं, कडवट आणि आतून अळणी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिखट जळतंय तुझं." बरोबर होतं. मी सगळा मसाला पिठातच घालत होते; सुटं तिखट तेलात पडलं की आधी तेच करपतं.

मग लालबागहून बेडगी मिरची आणली रंगाला, लवंगी मिरची झणक्याला. अर्धा किलो चिकनला दोन चमचे बेडगी, अर्धाच चमचा लवंगी, चमचाभर मिरपूड, लसूण पावडर, चिमूटभर ओवा, मीठ. यातला पाऊण भाग ताकात कालवून चिकनला रात्रभर लावून ठेवला, उरलेला मैदा-कॉर्नफ्लोअरमध्ये. आच मध्यम. कवच लालबुंद, कुरकुरीत!

लवंगी मिक्सरला लावताना खिडकी उघडी राहिली, समोरच्या काकूसुद्धा शिंकत होत्या.