टीम तळाला गेली की स्पीडवेचा सीझन कसा काढायचा

आधीच सांगून टाकतो, मी पीटरबरो पँथर्सवाला. 2021 ला इंग्लंडची प्रीमियरशिप (स्पीडवे या बाइकच्या शर्यतीची सगळ्यात वरची लीग) जिंकलेली टीम, 2022 ला त्याच टेबलात शेवटची, आणि 2023 ला परत शेवटची. त्यामुळे हरणाऱ्या टीमच्या मागे उभं कसं राहायचं यावर माझा अभ्यास झालाय, मागितला नव्हता पण झाला.

नवीन लोकांसाठी पटकन. 500 सीसीची बाइक, ब्रेक नाही, गिअर एकच, चार रायडर (प्रत्येक टीमचे दोन) लालसर मातीच्या ट्रॅकवर (तिला इथे शेल म्हणतात) चार लॅप मारतात, सगळी वळणं डावीकडेच. पहिल्याला 3, मग 2, मग 1, शेवटच्याला भोपळा. अशा 15 हीट, एकूण 90 पॉइंट, 46 झाले की मॅच खिशात.

पहिलं काम, प्रोग्रॅम विकत घ्या आणि पेन बरोबर न्या. बाकी काही विसरलात तरी चालेल. प्रोग्रॅमात प्रत्येक हीटचा तक्ता असतो, कोण कितवा आला ते आपण भरायचं, पडला तर एफ, गाडी बंद पडून सोडली तर आर, रेफ्रीने बाहेर काढला तर एक्स. जिंकत असताना हे नुसतं टाइमपास वाटतं. पण 57-33 ने मार खाताना हाच कागद माणसाला शांत ठेवतो, कारण 57-33 हा आकडा बघितला की वाटतं सगळेच भिकार खेळले, आणि तक्ता बघितला की दिसतं अरे तीन हीट तर आपण जिंकल्या होत्या, दोन ठिकाणी गाडी बंद पडली आणि रिझर्व्हच्या पोराने बोर्डावरच्या एका मोठ्या नावाला मागे टाकलं. एक हीट म्हणजे जेमतेम मिनिटभर. एका संध्याकाळी 15 वेळा नव्याने आशा लावता येते असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही, क्रिकेटमध्ये 20 ला 4 झाले की पुढचे दोन तास नुसते तोंड पाडून बसा.

दुसरं, फिनिशकडे बघू नका, टेपकडे बघा. सुरुवातीला रायडरच्या समोर टेप ताणलेली असते, ती वर उडाली की सुटायचं, आधी शिवली तर बाहेर नाहीतर 15 मीटर मागे. बऱ्याचशा हीट पहिल्या वळणावरच ठरतात. आपली टीम का हरतेय हे कळायचं असेल तर लाल आणि निळ्या हेल्मेटकडे नजर ठेवा (घरच्या टीमची तीच, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी). क्लच सोडताना उशीर होतोय, का बाइक वर उचलली जातेय, का चांगली सुटून पहिल्या वळणात आत दाबले जातायत? हे दोन-तीन आठवडे बघितलंत की स्टँडातले काका काय बोलतायत ते कळायला लागतं आणि तुम्हीही त्यांच्यात उभं राहून कुरकुर करू शकता. हक्काने!

उभं कुठे राहायचं? मी पहिल्या वळणावर. शेल अंगावर उडते, चेहऱ्यावर पण बसते, तेव्हा जुनं जॅकेट घाला आणि चष्मा शर्टाने पुसू नका, ओरखडे पडतात, माझा एक चष्मा असाच गेला. वास मात्र भरून घ्या. इंधन मेथेनॉल आणि इंजिनात एरंडेलापासून केलेलं ऑइल, हो तेच आपलं एरंडेल जे लहानपणी नाक दाबून पाजायचे. इथे त्याच्या वासासाठी लोक तिकीट काढतात.

आमच्या मॅच बहुतेक सोमवारी असायच्या. आई फोनवर विचारायची उपास मोडलास का, मी म्हणायचो बटाट्याच्या चिप्सच खाल्ल्या गं.

आता राग कुणावर काढायचा. रायडरवर नको, मनापासून सांगतो. ही मंडळी एकाच आठवड्यात इंग्लंड, पोलंड, स्वीडन असं करतात, बाइक स्वतःची, मेकॅनिक स्वतःचा, आणि पैसे पॉइंटवर मिळतात. म्हणजे तो शेवटचा आला तर तुमचा मूड गेला पण त्याचा त्या हीटचा धंदाच बसला. राग काढायचाच असेल तर अ‍ॅव्हरेजच्या नियमावर काढा. प्रत्येक रायडरचं चार हीटमागे किती पॉइंट असं अ‍ॅव्हरेज निघतं, आणि सीझनच्या सुरुवातीला टीममधल्या रायडरांच्या अ‍ॅव्हरेजची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. आता गंमत बघा, टीम जिंकली म्हणजे सगळ्यांचं अ‍ॅव्हरेज वाढलं, म्हणजे पुढच्या वर्षी तीच टीम बेरजेत बसत नाही. कप घरी आणला की घरातलं कुणीतरी बाहेर काढायचं! 2021 च्या आमच्या टीममध्ये स्कॉट निकोल्स, हान्स अँडरसन, बियार्न पेडरसन असे चाळिशीचे बाप्ये होते, ख्रिस हॅरिस चाळिशीला टेकलेला, सगळे म्हणायचे हे आता काय करणार, आणि फायनलला मँचेस्टरच्या बेल व्ह्यू टीमला हरवून मोकळे झाले. तसं दुसऱ्यांदा होत नसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण कप हातात असताना कोण गणित करतं.

टेबल बघणं जूनपासून बंद करा. त्याऐवजी एक छोटी गोष्ट धरा. मी दोन धरल्या होत्या, एक म्हणजे 5-1 मोजायचे (आपले दोघं पहिले-दुसरे आले की 5-1), प्रत्येकावर घरी आल्यावर एक बिस्किट जास्त. आणि दुसरी किंग्ज लिन. तासाभरावरचे शेजारी, म्हणजे खास भाऊबंदकी. बाकी सगळं हरलो तरी त्यांना एकदा हरवलं की महिना निघतो.

पाऊस पडला आणि मॅच रद्द झाली तर मुकाट घरी या. त्या आठवड्यात आपण हरलेलो नसतो.

आणि टीम कितीही रडत असली तरी शेवटच्या होम मॅचला जाच. 2023 संपला आणि आमच्या घरच्या ट्रॅकवरचं, ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंडवरचं, स्पीडवेच बंद झालं, 1970 पासूनचं. तळाला का होईना, टीम होती. आता मी किंग्ज लिनलाच जातो, हो, त्या भाऊबंदांकडेच, पहिल्या वळणावर, अंगात पँथर्सचं जुनं जॅकेट, कुणी काही म्हणत नाही. पेन मात्र दोन नेतो, एक हमखास थंडीत बंद पडतं.