शाळेला संगणक मागताना: मागणीचा कागद कसा तयार करायचा

जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक, टॅब किंवा डिजिटल पॅनल आणायचं असेल, तर अर्ज लिहायला बसण्याआधी आपल्या शाळेची यू-डायस प्लसवरची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली, माहिती उघडून शांतपणे वाचा. मी धाराशिव जिल्ह्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची प्रमुख, आहे. केंद्रातल्या बऱ्याच शाळा दोन-तीन शिक्षकी आहेत. दर वर्षी कुणीतरी मुख्याध्यापक विचारतातच, "मॅडम, शेजारच्या गावाला पॅनल आलं, आमचं नाव यादीत का नाही?" बहुतेक वेळा कारण त्या शाळेनेच भरलेल्या माहितीत सापडतं.

होतं काय, की आठ-दहा वर्षांपूर्वी आलेले संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. यू-डायसमध्ये संगणकांची एकूण संख्या विचारतात आणि त्यातले चालू स्थितीत किती, हेही वेगळं विचारतात. माहिती भरायची घाई, नेटवर्क ये-जा करतंय, अशात दोन्हीकडे मागच्या वर्षीचाच आकडा जातो. मग मुंबईत किंवा दिल्लीत बसून जो शाळांची यादी काढतो त्याला ही शाळा सुसज्ज दिसते, आणि गरजूंच्या यादीतून तिचं नाव आपोआप गळतं. विजेचंही तसंच. जोडणी आहे पण थकबाकीमुळे वीज तोडली आहे, तर 'जोडणी आहे, पण चालू नाही' असंच भरायला हवं. तिथे खोटी लाज बाळगू नका. ३० सप्टेंबर ही माहितीची संदर्भ तारीख. त्याआधी एक दिवस काढा, एकेक यंत्र प्रत्यक्ष सुरू करून बघा, आणि जे सुरू होत नाही ते बंद म्हणूनच नोंदवा.

बंद पडलेली यंत्रं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, तशीच राहू देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, तांत्रिक तपासणीचा अहवाल जोडा आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती यंत्रं नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवा. मंजुरी येईपर्यंत एक वायरसुद्धा भंगारवाल्याला द्यायची नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यामुळे असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा.

पैसा कुठून येतो

एकाच दारावर बसून राहिलं की वर्षं जातात, म्हणून सगळी दारं माहीत असावीत.

पहिलं दार समग्र शिक्षा. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या तीन योजना २०१८ मध्ये एकत्र करून ती आली. आपल्या राज्यात तिचा ६० टक्के वाटा केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्याचा. तिच्यातला संगणक प्रयोगशाळा आणि स्मार्ट क्लासरूमचा घटक सहावी ते बारावीसाठी आहे. चौथीपर्यंतच्या शाळेने या घटकाखाली मागणी करण्यात दिवस घालवू नयेत, त्यांनी पुढची दारं बघावीत. केंद्र सरकारच्या २०२१-२६ च्या निकषांत एका शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एकदाच ६.४० लाखांपर्यंत आणि पुढे पाच वर्षं दर वर्षी २.४० लाखांपर्यंत अशी मर्यादा होती. स्मार्ट क्लासरूमसाठी एकदाच २.४० लाख आणि वर्षाला ३८ हजार.

या आकड्यांचा गुणाकार करून बघा. दर वर्षीचे २.४० लाख पाच वर्षांत १२ लाख होतात. यंत्रं बसवायला ६.४० लाख आणि चालवायला १२ लाख. म्हणजे चालवण्याचा खर्च घेण्याच्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट, हे खुद्द शासनाच्या हिशोबात आहे. आपल्या शाळांच्या प्रस्तावात मात्र यंत्रांची यादी असते आणि चालवण्याचा रकाना कोरा. मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय ते हेच: मागताना चालवण्याचा खर्च आधी मांडा, यंत्र त्यानंतर.

समग्र शिक्षेत शाळा थेट दिल्लीला काही मागत नाही. शाळेचा आराखडा तालुक्याच्या गट साधन केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याचा होतो. मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेत राज्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार होतं आणि केंद्र सरकारचं प्रकल्प मान्यता मंडळ ते मंजूर करतं. हे काम हिवाळ्यात सुरू होतं. फेब्रुवारीत जाग आली तर त्या वर्षीची गाडी गेली असं समजा.

दुसरं दार गावातच आहे: ग्रामपंचायत विकास आराखडा. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२६ या काळात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित होता. अबंधित रकमेतून गावाच्या गरजेची कामं करता येत, फक्त पगार आणि आस्थापनेवर खर्च चालत नसे. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत १७ व्या क्रमांकावर आहे. कुणी म्हणालं की शाळा पंचायतीचं काम नाही, तर हा क्रमांक सांगा. आयोग बदलला की टक्केवारी बदलू शकते, तेव्हा चालू वर्षाचा शासन निर्णय ग्रामसेवकांकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, मागून घ्या. काम आराखड्यात नसेल तर पैसा असूनही खर्च करता येत नाही. म्हणून पुढच्या वर्षीचा आराखडा ज्या ग्रामसभेत ठरतो तिथे समितीच्या आयांना घेऊन जा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी चांगली. मुख्याध्यापक एकटे बोलले तर ती शिक्षकाची मागणी ठरते. चार आया उभ्या राहिल्या की ती गावाची मागणी होते आणि सरपंचांना टाळता येत नाही.

तिसरं दार जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. शिक्षणाधिकाऱ्यांकडून एकत्रित प्रस्ताव जातो, त्यामुळे एकट्या शाळेने पळापळ करण्यापेक्षा केंद्रातल्या शाळांनी मिळून एकाच नमुन्यात मागणी द्यावी. दहा शाळांची नीट तक्त्यातली मागणी लिपिकालाही पुढे सरकवायला सोपी जाते.

आमदार आणि खासदार निधीबद्दल थोडक्यात. दोन्हींची मर्यादा वर्षाला पाच कोटींची. लोकप्रतिनिधी शिफारसपत्र देतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून होते आणि पैसे शाळेच्या हातात येत नाहीत. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येतो. कंपनीकडे जाताना यू-डायस क्रमांक, समितीचा ठराव आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी हे तिन्ही सोबत हवेत. लोकवर्गणी आपल्याकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्य शासनाच्या कार्यक्रमानंतर गावोगाव झाली, गावकऱ्यांनी मनापासून दिलं. तिचं मोल मोठं आहे, पण ज्या गावात लोक सहा महिने ऊसतोडीला जातात तिथे वर्गणीच्या भरवशावर वीजबिल ठेवू नये.

समितीची बैठक आणि ठराव

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं आहे, आणि शाळा विकास आराखडा करणं हे याच समितीचं काम आहे. तो तीन वर्षांचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा एक शिक्षक संध्याकाळी बसून लिहितात आणि सह्या घरोघरी फिरून आणतात. कृपा करून असं करू नका. खरी बैठक घ्या, कारण खरे प्रश्न तिथेच येतात.

एका बैठकीला मी बसले होते. पॅनल किती इंची, कुठल्या कंपनीचं, यावर अर्धा तास गेला. मागे बसलेल्या एका आईने विचारलं, "बाई, ते बिघडलं तर आम्ही फोन कुणाला करायचा? आणि तो माणूस इथवर यायचे पैसे कोण देणार?" सगळे गप्प झाले. त्या दिवसापासून माझ्या केंद्रातल्या प्रत्येक प्रस्तावात 'दुरुस्ती कोण करणार, कुठून, किती दिवसांत, कोणत्या पैशातून' असा रकाना असतो. तो भरल्याशिवाय मी प्रस्ताव पुढे पाठवत नाही.

ठराव मोघम लिहू नका. 'शाळा डिजिटल करण्यात यावी' या वाक्यावर कुठलाच अधिकारी पैसे देऊ शकत नाही. असा लिहा:

"इयत्ता ६ वी व ७ वीची एकत्रित पटसंख्या ___ असून शाळेत चालू स्थितीत एकही संगणक नाही. गणित व विज्ञानाच्या अध्यापनासाठी एक डिजिटल पॅनल, बॅटरी बॅकअप, अर्थिंग व इंटरनेट जोडणीसह, मिळावे अशी मागणी करण्यात येते. खोली क्रमांक २ गळतीमुक्त असून खिडक्यांना जाळी व दाराला कुलूप आहे. वीजबिल ___ मधून व हमीकाळानंतरची दुरुस्ती ___ मधून करण्यास समितीची मान्यता आहे. यापूर्वी अन्य योजनेतून या साहित्याचा लाभ घेतलेला नाही. सूचक: ___, अनुमोदक: ___. सर्वानुमते मंजूर."

सोबत त्या खोलीचा पावसाळ्यात काढलेला फोटो जोडा. उन्हाळ्यात प्रत्येक खोली कोरडीच दिसते. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात पिवळट डाग असेल तर तिथे पॅनल टांगायचं नाही, आधी छताची दुरुस्ती मागायची.

ते कशासाठी वापरणार, हेही दोन ओळींत लिहा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते भारी यंत्रांमुळे मिळालेलं नाही. त्या कामात मुलाला घरी धडा पुन्हा कसा बघता येईल हा विचार आधी होता. तुमच्या वर्गात कोणता धडा अडतो ते आधी ठरवा. तेवढ्यासाठी एक टॅब आणि स्पीकर पुरत असेल तर तेवढंच मागा, लवकर मिळेल.

वीजबिल

बिल हातात घ्या आणि दराचा वर्ग वाचा. शासकीय शाळेचं मीटर महावितरणच्या 'सार्वजनिक सेवा – शासकीय' म्हणजे एलटी सात (अ) या वर्गात असायला हवं. तिथे वाणिज्यिक दिसलं तर मुख्याध्यापकांचं पत्र, यू-डायसचा उतारा आणि मागचं बिल घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात वर्ग बदलाचा अर्ज द्या, पोच घ्या.

समग्र शिक्षेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंतच्या पटाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार ही वर्षाची मर्यादा. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर जायला हवा. उरलेल्यात खडू, किरकोळ दुरुस्त्या, पाणी, वीज, सगळं. २२ पटाच्या वस्तीशाळेने पॅनल, इन्व्हर्टर आणि इंटरनेट या १० हजारांत चालवावं ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि हे प्रस्तावात आकड्यानिशी लिहिण्यात काहीही गैर नाही. अशा शाळेने ग्रामपंचायतीकडून स्वनिधीतून वीजबिल भरण्याचा वेगळा ठराव आधी घ्यावा. छपरावर सौर पॅनल मागायचे असतील तर तेही याच प्रस्तावात, बॅटरी बदलण्याच्या खर्चासकट.

माल आल्यावर

जिल्हास्तरावरून खरेदी बहुधा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर किंवा निविदेने होते, शाळेच्या दारात फक्त टेम्पो येतो. चालक घाई करतो, पोचपावतीवर सही मागतो. खोका उघडून, यंत्र सुरू करून, अनुक्रमांक पावतीशी जुळवूनच सही करा. वीज नसेल तर पावतीवर 'न तपासता स्वीकारले' असं स्वच्छ लिहा. हमीकाळ कुठल्या तारखेपासून सुरू होतो ते लेखी घ्या, कारण कधी तो पुरवठ्यापासून धरतात आणि यंत्र बसवायला चार महिने लागतात. जडसंग्रह नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करा आणि तक्रारीचा फोन क्रमांक पॅनलच्या कडेला मोठ्या अक्षरांत चिकटवा, म्हणजे शिक्षक बदलून गेले तरी क्रमांक राहतो.

पूर्वी हायस्कुलांमध्ये 'बूट' (BOOT) नावाच्या ठेका पद्धतीने संगणक प्रयोगशाळा आल्या होत्या. ठेकेदाराने यंत्रं बसवायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची. मुदत संपली की निदेशक गेले आणि यंत्रं उरली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून बाहेरचा निदेशक असेल तर त्याच्यासोबत शाळेतले किमान दोन शिक्षक पहिल्या वर्षापासून तयार करा, एक बदलीच्या यादीत असला तरी दुसरा राहील. सातवीची दोन मुलं आणि दोन मुलीही तयार करा. केबल कुठली, इन्व्हर्टरचं पाणी कधी बघायचं, हे मुलं आपल्याआधी शिकतात.

पैशांबाबत एक गोष्ट वेळेत करा. समग्र शिक्षेच्या खात्यात आता रक्कम पडून राहत नाही, किती खर्च करता येईल याची फक्त मर्यादा येते आणि ३१ मार्चला उरलेली मर्यादा परत जाते. मर्यादा बऱ्याचदा उशिरा पडते, म्हणून दरपत्रकं आणि समितीचा खर्चमंजुरीचा ठराव डिसेंबरातच तयार ठेवा. खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, बिलांच्या प्रतींसह आठवड्याच्या आत गट साधन केंद्रात द्या आणि पोच घेतलेली प्रत ठरावाच्या फाइलला लावा. पुढच्या मागणीच्या वेळी लेखा विभाग पहिल्यांदा तीच विचारतो.