घराचे नूतनीकरण आणि विमा
भिंतीवर पहिला हातोडा पडण्यापूर्वीच कामाचे स्वरूप, कालावधी आणि अंदाजे खर्च विमा कंपनीला लेखी कळवावा. खरा धोका विमा रकमेत असतो: घर पुन्हा बांधण्याचा खर्च वाढूनही ती जुनीच राहिली, तर अनेक पॉलिसींनुसार भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते, म्हणजे पुनर्बांधणीच्या खर्चाच्या ७५ टक्केच विमा असल्यास एका खोलीच्या नुकसानीचेही ७५ टक्केच हाती येतात, आणि बहुतेकांना हे दावा केल्यावरच कळते, याची खंत वाटते. कामगारांचे अपघात व शेजाऱ्यांचे नुकसान यांसाठी कंत्राटदाराने विमा उतरवला आहे का, हे प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीख स्वतः वाचून तपासावे. घर काही आठवडे रिकामे राहणार असल्यास तेही कळवावे, कारण ठरावीक दिवसांनंतर चोरीचे संरक्षण थांबू शकते. प्लास्टर होण्यापूर्वी उघड्या वायरिंगची व नळांची छायाचित्रे काढून ती बिलांसह घराबाहेर जपून ठेवावीत.