पगडी मागून कशी दिसते?

नाटकाच्या कपडेपटात नव्यानं आलेली पोरं माझ्याकडे मोबाइल घेऊन येतात. "ताई, पेशवाईचा रेफरन्स मिळाला." बघावं तर कुठल्या तरी मालिकेतला फोटो, नाहीतर कॅलेंडरवरचं चित्र. हल्ली त्यात एआयनं काढलेल्या बायकांची भर पडली आहे. नथ नाकाला न टोचताच लटकलेली असते आणि काष्ट्याचं टोक कुठे गेलं याचा पत्ता नसतो. मी विचारते, कुठली पेशवाई? बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं 1713 साली, पेशवाई बुडाली 1818 ला. मधे शंभराहून जास्त वर्षं गेली. एवढ्या काळात पागोट्याचा बांध, अंगरख्याचा घेर, जोड्याचं टोक जिथल्या तिथे राहील होय?

म्हणून शोधायला बसण्याआधी कागदावर एक ओळ लिहायची. साल, गाव, कुणाच्या घरातलं माणूस, वय, प्रसंग. समजा, "1872, गिरगाव, पाठारे प्रभूंची थोरली सून, तिशीची, दुपारी घरात." त्याच साली त्याच गिरगावात मासे विकायला आलेली कोळीण हवी असेल, तर शोधाची वाटच वेगळी. ही ओळ नसेल तर माणूस नुसतं "जुनं" शोधत बसतो, आणि जुनं काय, ढीगभर मिळतं.

चित्राची दोन सालं

चित्र हाती आलं की दोन सालं विचारायची. ते काढलं कधी, आणि त्यात दाखवलंय कधीचं? दोन्ही जवळजवळ असतील तर पुढे जायचं. लांब असतील तर मधे कोण कोण येऊन गेलं ते शोधायचं.

सवाई माधवरावांच्या दरबाराचं एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1790 चा तह करतोय, भोवती सगळा दरबार बसलाय. पहिल्यांदा बघाल तर हरखून जाल, पागोटीच पागोटी! चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. पण चित्रकार टॉमस डॅनियलनं ते पुरं केलं 1805 मध्ये, इंग्लंडात. त्या दरबारात तो नव्हताच. त्याच्यापुढे होती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची रेखाटनं. हा वेल्ससुद्धा मुंबईत उतरला 1791 ला, म्हणजे तह होऊन गेल्यावर, आणि 1795 मध्ये वारला. प्रसंग एका साली, रेखाटनं पुढच्या काही वर्षांत, आणि रंग पंधरा वर्षांनी दुसऱ्याच माणसाच्या हातून.

तरी मी हे चित्र टाकून देत नाही. वेल्सनं पुण्यात राहून ही माणसं समोर बसवून रंगवली होती. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्यानं 1792 मध्ये केलेलं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. कपड्याचा तपशील घ्यायचा तो तिथून. डॅनियलकडून फक्त गर्दीचा अंदाज. वेल्स आणि मॅलेट यांच्यासाठी काम करणारे पुण्याचे गंगाराम तांबट यांची रेखाटनं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, तीही चाळा. इथल्या माणसाचा हात आणि साहेबाचा हात शेजारी ठेवले की साहेबानं कुठे सजवलंय ते कळायला लागतं.

हाच हिशेब उलटाही लागतो. राजा रविवर्म्यांच्या देवी आणि पुराणातल्या नायिका त्यांच्या स्वतःच्या काळातल्या साड्या नेसून उभ्या आहेत. मुंबईत त्यांचा छापखाना 1894 ला निघाला आणि ही चित्रं घरोघरी गेली. पौराणिक नाटकासाठी ती पुरावा म्हणून चालणार नाहीत, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची सधन घरातली बाई उभी करायची असेल तर जरूर बघा. चाळीसच्या दशकातल्या ऐतिहासिक बोलपटांचे फोटो तसेच: त्यातून चाळीसच्या दशकाला इतिहास कसा हवा होता ते दिसतं. बालगंधर्वांचे शालूतले फोटो मात्र मी वेगळ्या पाकिटात ठेवते. तो रंगमंचावरचा पोशाख खरा, पण प्रेक्षकांतल्या बायका घरी जाऊन त्याचीच नक्कल करायच्या. अशा वेळी नाटकाचा फोटो फॅशनचा पुरावा होतो.

फोटोवर डोळे मिटून विश्वास नको

चित्रात चित्रकार लबाडी करतो आणि कॅमेरा खरं बोलतो, असं पोरांना वाटतं. त्यांना मी विल्यम जॉन्सनचे फोटो दाखवते. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींवरचं त्याचं दोन भागांचं पुस्तक 1863 आणि 1866 मध्ये निघालं. वेशभूषेसाठी ते फार मोलाचं आहे. पागोट्यांचे इतके प्रकार एका जागी क्वचितच मिळतील. पण त्यात माणसं टिपली आहेत स्टुडिओत आणि मागचा देखावा वेगळा जोडला आहे. सावल्या बघा, पायाखालची जमीन बघा, सांधा दिसतो. तेव्हा कपडा उचला, पण "हे लोक हे कपडे घालून इथे उभे असायचे" असं धरू नका.

स्टुडिओवाले कोट, घड्याळ, छत्री, पुस्तकसुद्धा पुरवायचे. एकाच स्टुडिओचे चार-पाच फोटो मिळाले तर शेजारी मांडा. तीच नक्षीची खुर्ची आणि तोच कोट तीन वेगळ्या गृहस्थांच्या अंगावर दिसला, की तो कोट कुणाचाच नव्हता हे समजायचं. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते, बाही तळहातावर येते. ज्याचा कोट त्याला तो असा बसत नाही.

आणि रंग. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या काचेला निळा प्रकाश लगेच लागायचा, तांबडा जवळजवळ लागायचाच नाही. त्यामुळे तांबडं आणि पिवळं काळपट उमटतं, निळं फिकट पडतं. तांबड्यालाही नीट दाद देणाऱ्या फिल्म सर्रास वापरात आल्या 1920-30 च्या सुमारास. म्हणजे पणजीच्या फोटोतलं काळंभोर कुंकू लालच होतं. एका दिग्दर्शकानं असा फोटो बघून नायिकेला बुक्का लावायचा हट्ट धरला होता. त्याला समजावताना माझी अर्धी तालीम गेली. तीच गत लुगड्याची. फोटोत काळं दिसतंय म्हणून चंद्रकळा ठरवू नका, ते लाल कुसुंबीही असू शकेल. पांढुरकं दिसणारं नेसू फिकट निळं असू शकतं. हातानं रंगवलेला फोटो असेल तर तो रंग रंगवणाऱ्याच्या मनातला.

रंग मिळतो तो खऱ्या कापडातून आणि समोर बसून केलेल्या चित्रांतून. एक साल मात्र पाठ असू द्या: 1856. त्या वर्षी पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला आणि त्यानंतर रासायनिक रंगांची रांग लागली. तुमचं नाटक त्याच्या आधीचं असेल, तर डोळ्यांत घुसणारा राणी रंग दुकानदारानं कितीही "ट्रॅडिशनल आहे मॅडम" म्हटलं तरी घ्यायचा नाही.

मुंबईत पायी फिरून

नेटवर जाण्याआधी ट्रेन पकडा. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 पासूनचं. तिथे मुंबईतल्या वेगवेगळ्या लोकांची मातीची छोटी माणसं आहेत, पागोट्या-मुंडाशांसकट. काचेच्या कपाटाभोवती फिरून बाजूनं बघता येतं, हे त्यांचं मोठेपण. ती कधी केली आहेत ते मात्र पाटीवर वाचून टिपा, कारण दोन सालांचा प्रश्न मातीलाही लागू आहे. बुधवारी बंद असतं. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं आणि कापडाचं दालन बघा. कापडाजवळ रेंगाळा. जर किती जाड आहे, काठ विणलेला आहे की वरून लावलेला, खणाचं पोत कसं आहे, हे मोबाइलवर कधीच कळत नाही. फोटो काढू देतात का ते दारातच विचारा, आणि फ्लॅश कुठेही नको.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. चित्रं आणि फोटो समोरून असतात. नट मात्र वळतो. पगडी मागून कशी दिसते, उपरण्याचं टोक पाठीवर कुठवर येतं, हे कुठे बघायचं? पुतळ्यांपाशी. टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, नाना शंकरशेटांचा पुतळा आहे. ओव्हल मैदानाच्या आसपास न्यायमूर्ती रानडे आहेत, गोखले आहेत. मी नव्या पोरांना वही देऊन पाठवते आणि पुतळ्याची फक्त पाठ काढून आणायला सांगते. जाणारे-येणारे बघतात, बघू देत. अंगरख्याची चुणी कुठून सुटते, पगडीचा घेर मानेपासून किती वर थांबतो, हे हातानं काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पुतळा कधी आणि कशावरून केला तेही विचारायचंच. माणूस गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी केलेला पुतळा आणि समोर बसवून केलेला, दोन्ही एका मापाचे धरायचे नाहीत. बाईचा नेसता काष्टा मागून हवा असेल तर गणपतराव म्हात्रे यांचं 1896 चं मंदिरपथगामिनी हे शिल्प शोधा. निऱ्या, ओचा आणि पदर एकाच अंगावर, चारी बाजूंनी.

विसाव्या शतकात आलात की दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत जुनी मासिकं मागा. 'मनोरंजन' 1895 चं, त्याचा पहिला दिवाळी अंक 1909 चा. 'किर्लोस्कर' 1920 पासून, 'स्त्री' 1930 पासून. मुखपृष्ठाला भुलू नका, तिथली बाई चित्रकाराच्या मनातली असते. जाहिराती बघा. साबण, तेल, कापडगिरण्या, शिवणयंत्रं. जाहिरातवाल्याला ग्राहक ओळखीचा वाटावा लागतो, म्हणून पदर, बाही, अंबाडा त्या वर्षीचाच काढतात. आणि अंकावर महिना-साल छापलेलंच असतं. यापेक्षा पक्की तारीख कुठे मिळणार? चित्रकार धुरंधरांनी काढलेल्या मुंबईच्या माणसांकडेही आवर्जून जा. 1912 च्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. रस्त्यावरचा माणूस कसा चालतो हे त्यांना माहीत होतं.

गिरगाव-दादरच्या घरांतले अल्बम हा खजिना वेगळाच. लग्नाचा ग्रुप फोटो मिळाला तर नवरा-नवरी शेवटी बघा. आधी कडेला उभी असलेली मावशी, दारातला गडी, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. नवरीनं त्या दिवसापुरतं नेसलेलं असतं, मावशीनं रोजचंच बरं नेसलेलं असतं. फोटो उलटा करून स्टुडिओचा शिक्का वाचा. आजी हयात असतील तर त्यांना "हे कुठलं साल?" विचारू नका, आठवत नाही. "तेव्हा सुमनमावशी पोटात होती का?" असं विचारा, लगेच सांगतात.

नेटवर शोधताना

संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच चित्र घ्या. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम मोठ्या आकारात चित्रं फुकट उतरवू देतं. हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांच्या चित्रांचा विट्सन अल्बम तिथेच आहे, 1686 च्या सुमाराचा, त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. कॅलेंडरमधल्या चित्राशेजारी ठेवून बघा. न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम), लंडनचं व्हीअँडए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) हेही चाळा. शोधताना इंग्रजांची जुनी स्पेलिंगं टाका, "पूना", "बॉम्बे", "माहराट्टा" (Mahratta). आजचे शब्द टाकले तर आजचीच चित्रं येतात. चित्र उतरवलं की फाइलच्या नावातच साल, गाव, चित्रकार, संग्रहालय आणि नोंदणी क्रमांक घाला. "पेशवा फायनल टू" अशा नावाची फाइल मी उघडतच नाही.

चित्र उलटं झालेलं नाही ना तेही तपासा. तांब्याच्या पत्र्यावर चित्राची जशीच्या तशी नक्कल कोरली तर छापताना डावं-उजवं बदलतं, आणि नेटवर लोक हौसेनं फिरवतात ते वेगळंच. तलवार उजव्या कमरेला लटकलेली, नथ उजव्या नाकपुडीत असली की संशय घ्या. मागे दुकानाची पाटी असेल तर काम सोपं. जामा, म्हणजे घेराचा लांब अंगरखा, कुठल्या काखेत बांधलाय यावर भांडणं होतात. उलट्या चित्रावरून भांडलात तर व्यर्थ.

शेवटी, कपडे शिवणाऱ्या मास्तरांकडे मोबाइल नेऊ नका. त्यांचे हात कापडात असतात, पडदा दर मिनिटाला काळा होतो. एका पात्रासाठी एक कागद: समोरून, बाजूनं, मागून, प्रत्येकाखाली साल. जे कुठेच सापडलं नाही आणि तुम्ही अंदाजानं भरलं, ते लाल पेनानं लिहा, म्हणजे उद्या पुरावा मिळाल्यावर नेमकं काय उसवायचं ते कळतं. आणि कोपऱ्यात मंगलदास मार्केटमधून आणलेला कापडाचा तुकडा टाचणीनं लावा. मास्तर आधी तोच चुरगाळून बघतात.